भंगारातले ब्लूटूथ पुन्हा बोलते!

बंगळूरचे हेब्बाळ एकेकाळी तळ्यासाठी आणि कृषी विद्यापीठासाठी ओळखले जाई. आता जवळच नागवाऱ्याला मान्यता टेक पार्क उभे आहे आणि संगणकावर पोट असलेली मंडळी आसपास राहतात. साहजिकच घरोघरी माळ्यावर एखादा बंद लॅपटॉप धूळ खात पडलेला असतो. पण यंत्र मेले, म्हणून त्याचे सगळेच अवयव मरत नाहीत. आतले नखाएवढे ब्लूटूथ कार्ड पुष्कळदा ठणठणीत असते. ते घरच्या जुन्या संगणकाला जोडता येईल का?

येते, आणि त्याचे कारण मजेशीर आहे. जुन्या लॅपटॉपमधली बहुतेक ब्लूटूथ कार्डे आतल्या आत यूएसबीचीच भाषा बोलतात. फक्त त्यांना बाहेरची खाच नसते. १९९६ साली आलेल्या या यूएसबीच्या शिल्पकारांपैकी इंटेलचे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी!

खरी गोम व्होल्टची

यूएसबीच्या वायरीत चार तारा असतात. सर्वसाधारणपणे लाल म्हणजे ५ व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, आणि पांढरी व हिरवी माहितीच्या. कार्डाला मात्र ३.३ व्होल्टच लागतात. लाल तार थेट जोडली तर कार्ड क्षणात जळू शकते. माहितीच्या तारांवरचे संकेत मुळातच ३.३ व्होल्टच्या आसपास असतात, म्हणून त्या सरळ जोडल्या तरी चालतात. उतरवायचा तो फक्त वीजपुरवठा.

त्यासाठी ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर मिळतो. बंगळुरात एस. पी. रोडला, मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे सुटे भाग मागावेत. त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे कपॅसिटर लावावेत. काही जण दोन डायोड एकापुढे एक लावून काम भागवतात; पण विजेच्या मागणीप्रमाणे तिथला व्होल्टेज बदलतो, म्हणून रेग्युलेटरच बरा.

घाई नको

लॅपटॉप उघडण्याआधी चार्जर काढावा. बॅटरी फुगली असेल तर तिला टोचू अथवा दाबू नये. ते काम जाणकाराकडेच द्यावे. कार्डावरचा मॉडेल क्रमांक पाहून कोणती पिन कशाची, हे आधी शोधावे. अंदाजाने डाग देऊ नये. काही कार्डांना चालू होण्यासाठी आणखी एका पिनला ३.३ व्होल्ट द्यावे लागतात. अलीकडच्या इंटेल लॅपटॉपमधली सीएनव्हीआय प्रकारची कार्डे या युक्तीने चालत नाहीत.

कार्ड जोडण्याआधी मल्टिमीटरने ३.३ व्होल्ट मोजलेच पाहिजेत. माहितीच्या तारा आखूड ठेवाव्यात. त्यांची अदलाबदल झाली तर बहुधा काही जळत नाही. संगणक कार्ड ओळखत नाही, एवढेच. पहिली चाचणी स्वतंत्र वीजपुरवठ्याच्या स्वस्त हबवर घ्यावी, म्हणजे चूक झालीच तर संगणकाच्या पोर्टचा धोका कमी होतो. ॲन्टेना विसरू नये. नाहीतर हेडफोन हातभर अंतरावरच गप्प होईल.

एवढा खटाटोप कशाला?

बाजारात नवा ब्लूटूथ डोंगल काही शे रुपयांत मिळतो. घाईचे काम असेल तर तोच आणावा. पण दहावी-बारावीतल्या मुलामुलींनी मोठ्यांच्या देखरेखीखाली ही जोडणी केली, तर व्होल्ट म्हणजे काय, हे त्यांना पुन्हा पाठ करावे लागत नाही. उरलेला लॅपटॉप मात्र कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. तो नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. जे चालते ते वापरावे, जे चालत नाही ते योग्य हाती द्यावे. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्याची गोधडी शिवली, ती याच हिशेबाने!