शाळेची निवड आणि सार्वजनिक हित : दिल्लीचा अनुभव

सरकारी शाळा की खासगी शाळा, हा प्रश्न प्रत्येक कुटुंब आपल्यापुरता सोडवते. परंतु अशा असंख्य निर्णयांतूनच समाजाची शिक्षणव्यवस्था आकार घेते. दिल्लीत या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. तेथील अनेक खासगी शाळा सार्वजनिक जमिनीवर उभ्या आहेत.

दिल्ली विकास प्राधिकरणाने शैक्षणिक संस्थांना सवलतीच्या दराने भूखंड दिले. दुर्बल घटकांतील मुलांना प्रवेश देणे, शिक्षण संचालनालयाच्या पूर्वपरवानगीविना शुल्कवाढ न करणे, अशा अटी त्यासोबत घालण्यात आल्या. भूखंडवाटपाच्या अटींचे पालन होते किंवा नाही, हे तपासण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. शुल्कवाढीसंबंधीची अट अशा शाळांवर बंधनकारक असल्याचे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना देणे आवश्यक आहे. शासनाचा प्रतिविद्यार्थी खर्च आणि शाळेचे प्रत्यक्ष शुल्क यांपैकी कमी असलेली रक्कम शाळेला प्रतिपूर्ती म्हणून मिळते. सवलतीच्या जमिनीमुळे मोफत शिक्षणाचे दायित्व आधीच असलेल्या शाळांना मात्र त्या मर्यादेपर्यंत प्रतिपूर्ती मिळत नाही. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये वैध ठरवली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना तीतून वगळण्यात आले.

या मिश्रणाचे परिणाम काय झाले? अर्थतज्ज्ञ गौतम राव यांच्या दिल्लीतील शाळांविषयीच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, गरीब सहाध्यायी लाभलेली संपन्न घरांतील मुले अधिक उदार आणि कमी भेदभाव करणारी आढळली. त्यांच्या अभ्यासावरील प्रतिकूल परिणाम मर्यादित होता.

अधिक शुल्क म्हणजे अधिक अध्ययन, हे समीकरणही तपासून पाहावे लागते. आंध्र प्रदेशात सोडतीने शिष्यवृत्ती मिळून खासगी शाळेत गेलेली मुले चार वर्षांनंतर तेलुगू व गणितात इतरांच्या पुढे नव्हती. हिंदीत मात्र ती पुढे होती आणि खासगी शाळांचा प्रतिविद्यार्थी खर्च सरकारी शाळांच्या एकतृतीयांशाहून कमी होता. पालकांना इमारत, गणवेश व माध्यम दिसते. अध्ययनाची पातळी सहज दिसत नाही. अर्थशास्त्रात यालाच माहितीची विषमता म्हणतात.

अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेली ‘निर्गमन’ आणि ‘आवाज’ ही संकल्पना येथे उपयुक्त ठरते. संपन्न, सुशिक्षित कुटुंबे सरकारी शाळा सोडतात, तेव्हा सुधारणेची मागणी करणारा प्रभावी आवाजही त्यांच्यासोबत निघून जातो. मागे राहणाऱ्या मुलांना ही किंमत मोजावी लागते. म्हणूनच खासगी शाळांतील २५ टक्के जागा हा सरकारी शाळांच्या गुणवत्तेला पर्याय ठरू शकत नाही. सरकारी शाळा स्वेच्छेने निवडण्याजोगी असेल, तेव्हाच पालकांच्या निवडीला खरा अर्थ प्राप्त होईल.