शेतीशाळेचा उपयोग झाला, हे कशावरून?

"प्रशिक्षणाचा शेतकऱ्यांवर झालेला परिणाम" असं शीर्षक प्रपोजलवर टाकणं सोपं असतं. शेतीशाळेला आलेल्या आणि न आलेल्या शेतकऱ्यांचं एकरी उत्पादन विचारायचं, टी-टेस्ट लावायची, झालं. पण शाळेला येतो कोण? बहुतेकदा ज्याला वेळ आहे, विहिरीला पाणी आहे, कृषी सहायकाशी ओळख आहे, तो. त्याचं उत्पादन शाळा नसती तरी जास्तच आलं असतं. सिलेक्शन बायस म्हणतात तो हाच.

शेतीशाळेची पद्धत मूळची इंडोनेशियाची. तिथे भातावर तपकिरी तुडतुडे पडायचे. फवारणी वाढली तसे त्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक मेले, आणि तुडतुडे उलट वाढले. 1986 मध्ये सरकारने भातावर 57 कीटकनाशकं वापरायला बंदी घातली. 1989 पासून शेतीशाळा सुरू झाल्या. हंगामभर, दर आठवड्याला, थेट बांधावर. किडी आणि मित्रकीटक मोजायचे, कागदावर चित्र काढायचं, मग फवारायचं की नाही ते गटाने ठरवायचं.

फेडर, मुरगई आणि क्विझॉन यांनी 1991 आणि 1999 अशी दोन वर्षांची, त्याच कुटुंबांची माहिती घेतली आणि पातळीऐवजी बदलाची तुलना केली. हेच डिफरन्स-इन-डिफरन्सेस. त्यांनी एक शहाणपणा केला, तो उचलण्यासारखा आहे: शाळेच्याच गावातले पण शाळेत न गेलेले शेतकरी वेगळा गट म्हणून धरले. शेजाऱ्याकडून ऐकून तेही शिकलेले असू शकतात, मग ते कंट्रोल कसे?

2004 चा त्यांचा निष्कर्ष अनेकांना झोंबला. उत्पादनात किंवा कीटकनाशकांच्या वापरात लक्षणीय फरक नाही. पुढे 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात चित्र थोडं बदललं: प्रत्यक्ष बसलेल्यांना फायदा होतो, शेजाऱ्यांपर्यंत मात्र तो पोचत नाही. मला हे पटतं. नवं बियाणं बांधावरून पलीकडे जातं. कीड मोजून निर्णय घ्यायची सवय तशी जात नाही.

आता आपल्याकडे या. पोकरा प्रकल्पातही शेतीशाळा घेतल्या जातात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, आणि त्यांत शेतमजूरही होते. शेतीशाळेच्या हजेरीपटावर नाव असतं जमीनमालकाचं. पंप पाठीवर असतो मजुराच्या. म्हणजे फक्त हजेरीपटावरून सॅम्पल काढलं तर सुरक्षिततेचा प्रश्न तुम्ही चुकीच्या माणसाला विचारताय.

मृत्यू हे मोजमाप म्हणूनही चालत नाही. शंभर-दोनशेच्या सॅम्पलमध्ये ते दिसणारच नाहीत (दिसू नयेतच). त्यापेक्षा हंगामातल्या फवारण्या, एका टाकीत मिसळलेली औषधं, फवारल्यावर मळमळ किंवा डोळ्यांची आग झाली का, हे विचारा. आणि प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर, सातबाऱ्यावरचं क्षेत्र विचारायच्या आधी, एवढं टाका: मागच्या हंगामात तुमच्या रानात फवारणी कोणी केली?