मयताची जमीन आणि वरचा वाटा
(मध्ययुगीन इंग्लंडमधील वारसाहक्काविषयी थोडेसे)

सरंजामशाही हा शब्द आपण बहुधा परीक्षेपुरता पाठ करतो. वर राजा, त्याखाली सरदार, त्याखाली शिलेदार आणि तळाशी कुळे, असा मनोरा वहीत काढला की उत्तर पुरे झाले असे वाटते. पण ही व्यवस्था खरी कशी चाले हे पाहायचे असेल, तर एकच प्रश्न विचारावा : जमीन धारण करणारा मेला की पुढे काय होई?

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि सर्व जमीन अखेर राजाची, हे तत्त्व तेथे रुजले. १०८६ साली त्याने करविलेली पाहणी 'डूम्सडे बुक' या नावाने प्रसिद्ध आहे. कोणती जमीन कोणाकडे आणि तिचे उत्पन्न किती, याची ती नोंदवही होय. सरदार हा मालक नव्हे, धारक. त्याने राजाला लढाईसाठी शिलेदार पुरवायचे आणि गावांचा खंड, कुळांची वेठ, पिठाच्या गिरणीचे उत्पन्न, गावसभेतील दंड हे सारे घ्यायचे. म्हणजे बापाकडून मुलाकडे जाई ती नुसती माती नव्हे, तर हे उत्पन्न घेण्याचा हक्क.

हा हक्क फुकट मिळत नसे. वारसाने वरच्या धन्याला नजराणा भरावा, तेव्हाच जमीन त्याच्या ताब्यात येई. त्याला 'रिलीफ' म्हणत. किती भरायचा, हे राजाच्या मर्जीवर असे. १२०५ साली जॉन राजाने निकोलस द स्टुटव्हिल या सरदारावर दहा हजार मार्कांचा, म्हणजे साडेसहा हजार पौंडांहून अधिक नजराणा लादला. पुढे १२१५ च्या मॅग्ना कार्टात सरदारांनी ही रक्कम बांधून घेतली. मोठ्या सरदारकीला शंभर पौंड आणि एका शिलेदाराच्या जमिनीला फार तर शंभर शिलिंग, म्हणजे पाच पौंड. ज्या सनदेला आपण स्वातंत्र्याची सनद म्हणतो, तिची सुरुवातीची कलमे वारसांची, अज्ञानांची आणि विधवांची आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

वारस एकवीस वर्षांच्या आतला असेल तर नजराणाही नको. पण तो वयात येईपर्यंत जमिनीचे उत्पन्न धनी खाई. त्या मुलाचे लग्न लावण्याचा हक्कही धन्याचाच, आणि हे पालकत्व चक्क विकले जाई! विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातीपुरता मिळे. मात्र राजाच्या मनात आले की तिचे दुसरे लग्न ठरे, किंवा ते टाळण्यासाठी तिला पैसे मोजावे लागत. मॅग्ना कार्टाने तिच्यावर लग्नाची सक्ती करू नये असे ठरविले.

सरदार वारला की राजाचा अधिकारी गावोगावचे पंच बसवी व त्यांना शपथेवर विचारी : मयताची जमीन कोणती, कोणाकडून धरलेली, वर्षाचे उत्पन्न किती, वारस कोण, त्याचे वय काय? आजोबा वारल्यावर आमच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे लागली, तेव्हा आमच्या घरीही जवळजवळ हेच विचारले गेले होते. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे ते फेरफाराचे कागद वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे होते.

तळच्या कुळाचे काय? त्याच्या मरणानंतर धन्याचा माणूस येई आणि गोठ्यातील सर्वांत चांगले जनावर घेऊन जाई. याला 'हेरियट' म्हणत. पुष्कळ ठिकाणी त्याखालोखालचे जनावर चर्चला द्यावे लागे. त्यावर जमिनीत शिरण्यासाठी मुलाने वेगळी रक्कम भरायची. ज्या घरचा कर्ता गेला त्याच घरचा नांगराचा बैल जावा, याहून कठीण ते काय? तरीही गावसभेच्या दप्तरात वारसाचे नाव चढे, आणि त्या नोंदीची नक्कल हाच पुढे कुळाचा आधार ठरला. 'कॉपीहोल्ड' म्हणजे नकलेवर धरलेली जमीन. हा प्रकार कायद्याने थेट १९२६ साली संपला.

मोठ्यांनी मात्र पळवाट काढली. चौदाव्या शतकापासून जमीन जिवंतपणीच विश्वासू मित्रांच्या नावे करण्याची चाल वाढली. उत्पन्न घरच्यांनी खायचे, नाव मित्रमंडळाचे. मंडळातले सगळे एकदम मरत नाहीत. एक गेला की दुसरा नेमायचा. मग कागदावर मृत्यूच नाही, तर नजराणा कसला? राजाचे उत्पन्न बुडू लागले. १५३६ साली आठव्या हेन्रीने कायदा करून ही वाट अडविली. ओरड इतकी झाली की १५४० साली मृत्युपत्राने जमीन देण्याची बरीच मोकळीक त्याला द्यावी लागली. त्याच वर्षी त्याने अज्ञान वारसांचे उत्पन्न गोळा करणारे 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' स्थापन केले. १६६० साली ते कायद्याने रद्द झाले.

गंमत अशी, की या दोन्ही गोष्टी पुढे इंग्रजांबरोबर आपल्याकडे आल्या. मुंबई इलाख्यात 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' या नावाचा कायदा १९०५ साली झाला. आणि त्या जुन्या पळवाटेतून वाढलेला 'ट्रस्ट' तर १८८२ च्या कायद्याने येथे स्थिरावला. गावोगावच्या शाळा, देवळे, दवाखाने आज ट्रस्टच्या नावावर आहेत.

तात्पर्य, जमिनीचा इतिहास लढायांत जितका आहे तितकाच मरणाच्या नोंदींत आहे. राजे बदलतात. पण कर्ता गेल्यावर दारात कोण उभा राहतो आणि काय घेऊन जातो, यावरूनच कोणतेही राज्य ओळखावे.