अंजूरच्या मांडवात विलायती गाणे

हळदीच्या मांडवात बसून इंग्रजी गाण्यांवरचा वाद ऐकण्याचा योग किती जणांना आला असेल, कोण जाणे! मला तो आला, आणि तोही अंजूरला. भिवंडीजवळचे हे गाव इतिहासाच्या पुस्तकात भेटते ते गंगाजी नाईकांमुळे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेमागे या अंजूरकर नाईकांची मोठी खटपट होती. आज तिकडे जाताना मात्र आधी भेटतात ती गोदामे. भाताच्या खाचरांच्या जागी पत्र्याच्या प्रचंड वखारी उभ्या आहेत. आमची रिक्षा कंटेनरच्या रांगेमागे पाऊण तास खोळंबली होती.

एका जुन्या विद्यार्थ्याच्या बहिणीचे लग्न होते. मांडवाच्या कडेला पंचाहत्तरी ओलांडलेले तीन आजोबा खुर्च्या जोडून बसले होते. तिघेही तरुणपणी मुंबईत नोकरीला. एक गोदीत आणि दोघे गिरणीत. डीजेवाल्या पोराने बहुधा चेष्टेनेच बीटल्सचे एक गाणे लावले, आणि काय सांगावे, पेंगुळलेले तिन्ही आजोबा खडबडून जागे झाले! इराण्याच्या हॉटेलातला तो ज्यूकबॉक्स, नाणे टाकून गाणे निवडण्याची ती ऐट, एका चहावर तीन गाणी ऐकणारे हे तिघे आणि गल्ल्यावरच्या इराण्याची ती नजर! रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी लागत, ती शेजाऱ्याच्या खिडकीखाली उभे राहून ऐकत, हेही निघाले.

गोदीवाले आजोबा बीटल्सचे कट्टर भक्त. गिरणीवाल्यांपैकी एकांचा जीव मात्र 'द ॲनिमल्स' नावाच्या न्यूकॅसलच्या पाच पोरांवर, आणि त्यातही 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' या एकाच गाण्यावर.

"आजोबा, इंग्रजी कळत होतं का हो तेव्हा?" मी विचारले.

"शब्द कुनाला कलत व्हते, मास्तर? रडनं कलत व्हतं."

हे उत्तर मला फार आवडले. कारण ते गाणे खरोखरच रडगाणे आहे. न्यू ऑर्लिन्समधल्या एका घराने ज्याच्या आयुष्याची माती केली, अशा जिवाचे. १९६४ साली ॲनिमल्सने ते लंडनमध्ये ध्वनिमुद्रित केले आणि इंग्लंड-अमेरिकेत दोन्हीकडे ते पहिल्या क्रमांकावर गेले. पण ते त्यांचे नव्हतेच मुळी! १९३७ साली ॲलन लोमॅक्स हा लोकगीतांचा संग्राहक केंटकीत हिंडत होता, तेव्हा जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने त्याला ते म्हणून दाखवले. बाप खाणकामगार, आणि गाणे तिनेही कुणाकडून तरी उचललेले. त्याआधीही ते तबकडीवर आलेले होते. ॲनिमल्सच्या तबकडीवर मग काय छापले? 'पारंपरिक', आणि संस्करण करणारा म्हणून ऑर्गन वाजवणाऱ्या ॲलन प्राइसचे एकट्याचे नाव. पाच नावांना लेबलावर जागा नाही, असे कारण तेव्हा देण्यात आले, असे बाकीचे पुढे सांगत. मानधन अर्थातच नावामागे गेले. सुरुवातीची ती प्रसिद्ध गिटार वाजवणारा हिल्टन व्हॅलेंटाइन हात चोळत बसला. जॉर्जिया टर्नर १९६९ साली वारली. जगभर वाजलेल्या त्या गाण्यातून तिच्या हाती फार थोडे लागले.

हे मी सांगितले मात्र, गोदीवाले आजोबा तावात आले. "आमचे बीटल्स तसले नव्हते!" म्हणाले. त्यांचेही बरोबरच आहे. लिव्हरपूलच्या खलाशांचे 'मॅगी मे' नावाचे एक चावट जुने गाणे बीटल्सने १९७० च्या 'लेट इट बी'मध्ये जेमतेम चाळीस सेकंद गायले, आणि तिथे 'पारंपरिक' या शब्दापुढे चौघांचीही नावे घातली. ढोल बडवणाऱ्याचेसुद्धा!

इतक्यात कुणीतरी डीजेचा आवाज बंद केला. धवलारीण आली होती. आगरी लग्नात या बाईचा मान भटजीच्या तोडीचा. मांडव, हळद, लग्न, ज्या त्या विधीचे धवले तिला मुखोद्गत. तिने हात जोडले, देवांना हाका घातल्या, आणि ते विलायती वादंग तिथेच विरले. मी मात्र खुर्चीत चुळबुळत होतो.

कारण सांगायला हवे. एम. ए. करीत असताना, २००३ साली, मी याच अंजुरात टेप रेकॉर्डर घेऊन आलो होतो. एका धवलारणीने दोन दुपारी बसून मला धवले सांगितले, वर तांदळाच्या भाकऱ्या खाऊ घातल्या. माझ्या प्रबंधिकेत त्या धवल्यांखाली एकच शब्द आहे: 'पारंपरिक'. मुखपृष्ठावर नाव माझे. बाईचे नाव मी विचारलेसुद्धा नव्हते. आणि मी वर्गात दरवर्षी काय शिकवतो? तर मराठीतली आद्य कवयित्री महदंबा! तेराव्या शतकात तिने गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळात धवळे गायिले, ते महानुभावांनी नावानिशी लिहून ठेवले, म्हणून आज ती आपल्याला ठाऊक आहे. नाव टिपायला काय लागते? पुण्याच्या गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा करविल्या. त्यांत गाणारणीचे नाव आणि गाव राहिले आहे. मला दोन दुपारींत एक नाव विचारायचे सुचले नाही.

चौकशी केली, तर बाई हयात! दोन आळ्या पलीकडे राहतात. मांडवात गात होती ती त्यांचीच सून.

मी जाऊन सगळे सांगितले. प्रबंधिका दाखवली. म्हातारीने पाने उलटली, अक्षरावरून बोट फिरवले आणि हसली.

"गानं माझं कनचं, मास्तर? मना काल्हेरचे मावशीनं शिकवलं. नाव घालाचं त तिचं घाल."

"मावशीचं नाव काय?"

म्हातारी बराच वेळ आढ्याकडे बघत राहिली. "आमी सगली तिला मावशीच म्हनायचो," शेवटी म्हणाली.

मग तिने स्वतःचे नाव सांगितले, माहेरच्या नावासकट. पण अट घातली: पेपरात छापायचे नाही. "लोकं सुपारी घेऊन दारात येतील, नि मना आता उभं ऱ्हावत नाय."

तेव्हा इथे ते नाव नाही. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात प्रबंधिकेची एक प्रत आहे. तिच्यात 'पारंपरिक'च्या खाली मी ते शाईने लिहिले, आणि त्याखाली, 'शिकवणारी: काल्हेरची मावशी'. ग्रंथपालांनी ते पाहिले. ग्रंथालयाच्या प्रतीत लिहिल्याबद्दल नियमाप्रमाणे दंड झाला, तो मी भरला.