सिल्डेनाफिल की टाडालाफिल? गोळी घेण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

बोईसर असो की पालघर, मेडिकलवर एक गोळी लोक नाव घेऊन मागत नाहीत. गर्दी कमी होईपर्यंत थांबतात आणि मग हळूच म्हणतात, "ती वाली द्या." हातात ना चिठ्ठी असते, ना कसली तपासणी झालेली असते. तक्रार असते लिंगाला ताठरपणा न येण्याची किंवा तो न टिकण्याची. शरमेपायी घरात कुणी बोलत नाही, डॉक्टरांसमोर तर नाहीच. आम्ही आज सरळ लिहितोय, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते.

सगळ्यात आधी हृदयाचं

छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेट गटातलं दुसरं कुठलं औषध चालू असेल, तर या दोन्ही गोळ्या घ्यायच्या नाहीत. दोन्ही औषधं एकत्र आली की बीपी एकदम खाली येतं आणि माणूस दगावू शकतो.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवा. गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागलं, तर घरच्यांनी घाईनं सॉर्बिट्रेट देऊ नये. थेट दवाखाना गाठावा आणि कुठली गोळी, किती वाजता घेतली ते डॉक्टरांना सांगावं. सिल्डेनाफिलनंतर किमान 24 तास आणि टाडालाफिलनंतर किमान 48 तास नायट्रेट टाळतात. म्हणूनच गोळी घेत असल्याचं निदान बायकोला तरी माहीत हवं. ऐनवेळी बोलणारी तीच असते.

दोघींत फरक काय?

दोन्ही गोळ्या एकाच गटातल्या आहेत. लिंगाच्या रक्तवाहिन्या सैल करून त्या रक्तपुरवठा वाढवतात. मनात इच्छा नसेल तर कुठलीच काम करत नाही. मुलं व्हावीत म्हणून घ्यायचीही ही गोळी नव्हे.

सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रातलं औषध, 1998 साली अमेरिकेत मंजूर झालेलं. ते साधारण तासभर आधी घ्यायचं, असर चारेक तास राहतो. पोटभर तेलकट खाल्लं असेल तर असर उशिरा होतो.

टाडालाफिलचा असर 36 तासांपर्यंत राहू शकतो आणि जेवणानं फारसा फरक पडत नाही. कमी ताकदीची गोळी रोज घ्यायचीही पद्धत आहे. तारापूर एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी करणाऱ्यांना किंवा विरार-मुंबईहून रात्री उशिरा घरी येणाऱ्यांना घड्याळाकडे बघावं लागत नाही, ही तिची सोय. पण त्रास झाला तर तोही जास्त वेळ टिकू शकतो.

डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, ॲसिडिटी हे दोन्हींत होतं. सिल्डेनाफिलनं काहींना थोडा वेळ निळसर दिसतं, टाडालाफिलनं कंबर किंवा अंग दुखतं. ताठरपणा चार तासांहून जास्त राहिला, किंवा अचानक दिसायचं वा ऐकू यायचं कमी झालं, तर ताबडतोब दवाखान्यात जा.

रमजानमध्ये रोजे ठेवत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. इफ्तारला भजी-समोसे भरपूर झाले की सिल्डेनाफिल उशिरा लागू पडते. रोजची टाडालाफिल सहरी किंवा इफ्तारची वेळ ठरवून घेता येते.

"जास्त पॉवरची" मागू नका

सिल्डेनाफिल 25, 50 आणि 100 मिलिग्रॅममध्ये मिळते. वय 65 च्या पुढे असेल किंवा लिव्हर-किडनीचा आजार असेल तर डॉक्टर कमी डोसनं सुरुवात करतात. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखं औषध चालू असेल तर तेही सांगायलाच हवं, त्यानंही बीपी उतरतं. 24 तासांत एकापेक्षा जास्त गोळी नको. पहिल्या गोळीनं जमलं नाही म्हणून निकालही लावू नका. डोस किंवा वेळ चुकलेली असू शकते.

"शंभर टक्के जडीबुटी" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांपासून जपा. अशा मालात न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याचं अनेक देशांतल्या तपासण्यांत आढळलं आहे. हृदयाच्या रुग्णाला ती पुडी विषासारखी.

मूळ दुखणं शोधा

शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, बिडी-तंबाखू यांनी रक्तवाहिन्या खराब होतात. लिंगाच्या रक्तवाहिन्या बारीक असल्यानं तक्रार तिथं आधी दिसते आणि हृदयाची काही वर्षांनी. म्हणजे ही शरीरानं आधीच दिलेली सूचना आहे. तरुणांमध्ये टेन्शन हेही मोठं कारण असतं. पहाटे ताठरपणा नीट येत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, निदानाला मदत होते.

जवळच्या एमबीबीएस डॉक्टरांकडे चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या घेऊन जा. शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. गरज पडली तर मुंबईत नायर आणि केईएम या पालिका रुग्णालयांत युरोलॉजी विभाग आहेत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा, स्वस्त जेनेरिक मिळू शकतं.

आणि बहिणींनो, शोहर गप्प झाला, टाळू लागला तर लगेच शक घेऊ नका. दवाखान्यात सोबत जा. हा आजार आहे आणि त्याला इलाज आहे.