भीतीवर उतारा

परीक्षेत प्रश्नपत्रिका हाती पडताच कित्येक विद्यार्थ्यांच्या छातीत धडधड सुरू होते. तळहातांना घाम सुटतो, तोंडाला कोरड पडते आणि आदल्या रात्री मुखोद्गत असलेले उत्तर ऐन वेळी आठवेनासे होते. घरी परतल्यावर मात्र तेच उत्तर सहज आठवते! मग तो विद्यार्थी स्वतःला मंदबुद्धी समजून खट्टू होतो. वस्तुतः उणीव त्याच्या बुद्धीत नसते. भीतीने स्मरणाची वाट अडवलेली असते. ही भीती कशी उत्पन्न होते व तिला आवर कसा घालावा, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मुलांनो, भीती ही निसर्गाने केलेली संरक्षणाची तरतूद आहे. अरण्यात वाघ समोर आला, तर माणसाने एक तर झुंजावे, नाही तर पळावे, याकरिता शरीर क्षणार्धात सज्ज होते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या दोन लहान ग्रंथींतून ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात मिसळते. हृदय जलद चालते, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या बदलांचे विवेचन केले आहे.

परीक्षेच्या वर्गात वाघ नसतो. पण शरीर तशीच तयारी करते. पळण्यासाठी ताठलेले स्नायू उत्तर लिहिण्याच्या कामी येत नाहीत. शिवाय आपले मन एका वेळी थोड्याच गोष्टी ध्यानात धरू शकते. ‘नापास झालो तर?’ याच विचाराने ती जागा व्यापली, तर गणिताच्या पायऱ्यांना जागा कोठून उरणार? थोडी हुरहुर मात्र उपकारकच असते. ती आपल्याला अभ्यासाला बसवते. मर्यादा ओलांडली म्हणजेच ती घात करते.

‘घाबरू नकोस’ असे नुसते बजावल्याने मन शांत होत नाही. हृदयाची गतीही आपल्या आज्ञेत नसते. परंतु श्वास आणि स्नायू आपल्या स्वाधीन आहेत. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. म्हणून स्वस्थ बसून नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. घेताना मनात तीनपर्यंत अंक मोजावेत, सोडताना सहापर्यंत. ओढाताण मुळीच करू नये. अशा दहा श्वासांना सुमारे दीड मिनिट पुरते.

दुसरा उपाय स्नायूंचा. शिकागो येथील वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. प्रथम मुठी घट्ट आवळाव्यात, पाच अंक मोजावेत आणि मग त्या एकदम सैल सोडाव्यात. त्याचप्रमाणे खांदे, कपाळ, जबडा आणि पाय क्रमाने ताणून सैल करावेत. ताण कोणता व सैलपणा कोणता, हे एकदा उमगले, की अंग हवे तेव्हा सैल सोडता येते. आणि अंग सैलावले, की मनही निवते. आपल्याकडील शवासनाचा हेतूही हाच आहे. योगाभ्यासाचे शरीरावर होणारे परिणाम शास्त्रीय पद्धतीने तपासण्यासाठी स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली.

हे उपाय परीक्षेच्या दिवशी प्रथमच करू जाणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. रोज निजण्यापूर्वी दहा मिनिटे त्यांचा सराव करावा. मग परीक्षेत मन गोंधळले, तर लेखणी क्षणभर खाली ठेवावी, पाचसहा श्वास शांतपणे घ्यावेत आणि सोप्या प्रश्नापासून आरंभ करावा. एवढे करूनही झोप उडाली वा अन्न गोड लागेना, तर आईवडिलांना किंवा शिक्षकांना मोकळेपणाने सांगावे. त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नका. शिथिलता ही अभ्यासाची जागा घेऊ शकत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पण आड पाण्याने भरलेला असताना भीतीने हात कापून पोहरा रिताच वर यावा, हेही योग्य नव्हे. अभ्यासाने आड भरावा आणि शांत चित्ताने पोहरा ओढावा.