ठिणगीची छिन्नी, खारट पाण्याची कानस

पेणचे गणपती कोणाला माहीत नाहीत? पेण शहरात आणि हमरापूर, जोहे यांसारख्या आसपासच्या गावांत मूर्ती घडवण्याचे काम मोठ्या प्रमाणावर चालते. साच्यातून निघालेली मूर्ती लगेच रंगवत नाहीत. आधी सांधे भरतात, मग पॉलिश पेपरने अंग घासून गुळगुळीत करतात. प्रथम जाड दाण्याचा कागद, नंतर बारीक दाण्याचा. हे काम नीट झाले नाही, तर कितीही चांगला रंग दिला तरी मूर्तीच्या गालावर ओरखडे दिसतात.

आता हेच काम पोलादावर करायचे असेल तर? आणि तेही बाहेरून नव्हे, तर बोटसुद्धा शिरणार नाही अशा वाकड्यातिकड्या नळीच्या आतून? किंवा वस्तू कोणत्याही कानशीला दाद देणार नाही इतकी कठीण असेल तर? अशा कामांसाठी तंत्रज्ञांनी काही नव्या युक्त्या शोधल्या आहेत. त्यांना अपारंपरिक यंत्रणपद्धती म्हणतात. त्यांतील तिघी-चौघींची ओळख करून घेऊ.

गुळगुळीत म्हणजे किती गुळगुळीत?

लेथवर कातलेला लोखंडी दांडा हाताला गुळगुळीत लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यावर सह्याद्रीसारख्या डोंगररांगा आणि दऱ्या दिसतात. त्यांची उंची मोजण्यासाठी हिऱ्याचे बारीक टोक पृष्ठभागावरून हळूच ओढतात. टोक जसे वरखाली होईल तसा आलेख निघतो. मधल्या पातळीपासून हे चढउतार सरासरीने किती दूर आहेत, तो आकडा म्हणजे त्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा. तो मायक्रोमीटरमध्ये सांगतात. १ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. साध्या कातकामाचा खडबडीतपणा २ ते ६ मायक्रोमीटर, तर चांगल्या ग्राइंडिंगचा अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास असतो.

एवढ्या बारकाव्याची गरज काय? उत्तरासाठी पेणहून रेल्वेने रोह्याला चला. कोकण रेल्वेचा मार्ग जेथून सुरू होतो, तेच हे रोहे. जवळच धाटाव येथे औद्योगिक वसाहत आहे आणि तेथे रसायनांचे अनेक कारखाने आहेत. रसायने आणि औषधे बनवण्यासाठी जी भांडी वापरतात, त्यांतील बरीच स्टेनलेस स्टीलची असतात. आता विचार करा. एखादा जीवाणू १ ते २ मायक्रोमीटर लांब असतो. भांड्याच्या आतील दऱ्या ५ मायक्रोमीटर खोल असतील, तर त्यांत तो खुशाल दडून बसेल. भांडे धुतल्यावरही आधीच्या औषधाचा अंश तेथे राहील आणि पुढच्या औषधात मिसळेल. म्हणून औषधांच्या भांड्यांचा खडबडीतपणा १ मायक्रोमीटरच्याही खाली आणावा लागतो. गुळगुळीतपणा ही येथे शोभेची नव्हे, तर रोग्याच्या सुरक्षिततेची बाब आहे.

ठिणगीची छिन्नी

हत्यार नेहमी कामाच्या वस्तूपेक्षा कठीण असावे लागते, हा कारागिरीचा जुना नियम. लाकडाला लोखंडी रंधा, लोखंडाला कडक पोलादाची कानस. पण कडक पोलादालाच चौकोनी भोक पाडायचे असेल तर?

१९४३ साली सोव्हिएत संघात बोरिस आणि नताल्या लाझारेंको हे शास्त्रज्ञ दांपत्य एका वेगळ्याच प्रश्नावर काम करीत होते. विजेच्या स्पर्शकांवर ठिणग्या उडून ते झिजतात. ही झीज थांबवायची होती. ती काही थांबेना. तेव्हा त्यांच्या मनात आले, की ठिणगी धातू खाते हे खरे, तर मग तिला हवे तेथेच खायला का लावू नये? या विचारातून ठिणगी-यंत्रणाची पद्धत जन्मली.

यात वस्तू आणि तांब्याचे किंवा ग्रॅफाइटचे हत्यार विशिष्ट तेलात बुडवून ठेवतात. दोघांत मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच फट असते. विजेचा दाब दिला की तेलातून ठिणगी उडते. त्या इवल्याशा जागी तापमान ८,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. धातूचा कण वितळतो, उडतो आणि तेल त्याला वाहून नेते. सेकंदाला अशा हजारो ठिणग्या उडतात. हत्याराचा जो आकार, तोच खळगा वस्तूत उमटतो. हत्यार वस्तूला टेकतच नाही, म्हणून वस्तूच्या कठीणपणाचा प्रश्नच उरत नाही. वस्तू वीजवाहक असली म्हणजे झाले. प्लॅस्टिकच्या वस्तू ओतण्यासाठी लागणारे अनेक पोलादी साचे असेच कोरले जातात.

मात्र ठिणगी मागे खूण ठेवून जाते. वितळलेला सगळा धातू उडून जात नाही. थोडा तेथेच पुन्हा गोठतो आणि त्याचा ठिसूळ थर बसतो. त्यात बारीक तडे असतात. विमानाच्या इंजिनातील पाते सतत कंप पावते. अशा तड्याला प्रत्येक हिसक्याबरोबर वाढायला वाव मिळाला, तर पाते मोडू शकते. म्हणून हा थर काढून टाकणे आवश्यक असते. ते कसे काढायचे?

खारट पाण्याची कानस

विद्युत अपघटन तुम्ही शिकला आहात. द्रावणात दोन धातूचे तुकडे बुडवून वीज सोडली, की धनाग्राचा धातू आयन होऊन द्रावणात उतरतो. किती उतरेल, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३० नंतरच्या दशकात मांडलेल्या नियमांवरून काढता येते. १,००० ॲम्पिअरचा प्रवाह एक मिनिटभर सोडला, तर सुमारे १७ ग्रॅम लोखंड विरघळते.

विद्युत-रासायनिक यंत्रणात वस्तू धनाग्र असते आणि हत्यार ऋणाग्र. मधल्या अरुंद फटीतून मिठाचे किंवा सोडियम नायट्रेटचे द्रावण जोराने वाहत ठेवतात. वस्तू विरघळत जाते. हत्यारावर मात्र फक्त हायड्रोजनचे बुडबुडे येतात, त्यामुळे ते झिजत नाही. उष्णता कमी, म्हणून ठिसूळ थरही बसत नाही.

याच तत्त्वावर फ्रान्सच्या पिएर जाके यांनी १९३०च्या सुमारास वस्तूला चकाकी आणण्याची रीत शोधली. येथे गंधकाम्ल आणि फॉस्फोरिक आम्ल यांचे दाट मिश्रण वापरतात. विरघळलेल्या धातूचा एक चिकट थर पृष्ठभागाला लपेटून बसतो. शिखरांवर तो पातळ असतो आणि दऱ्यांत जाड. म्हणून शिखरे लवकर विरघळतात, दऱ्या मागे राहतात आणि हळूहळू प्रदेश सपाट होतो. औषधांच्या भांड्यांना चकाकी आणण्यासाठी ही पद्धत वापरतात. मात्र खोल ओरखडा असेल, तर तो आधी घासूनच काढावा लागतो.

सोऱ्यातले पीठ

वाकड्या नळीच्या आतून घासायचे कसे, हा प्रश्न राहिलाच. दिवाळीत आई सोऱ्यातून चकली पाडते ते आठवा. दाट पीठ दाबाखाली भोकाचा आकार घेत बाहेर पडते. पिठाऐवजी रबरासारखा लवचिक लगदा घ्या आणि त्यात सिलिकॉन कार्बाइडचे टोकदार कण मिसळा. आता हे पीठ भोक घासत जाईल! नळीच्या दोन्ही टोकांना दट्टे लावून हा लगदा इकडून तिकडे, तिकडून इकडे ढकलतात. जेथे वाट अरुंद, तेथे घासणे अधिक. आतल्या कडा गोलसर होतात आणि ठिणगीने ठेवलेला ठिसूळ थरही निघून जातो.

उरलेल्या पाण्याचे काय?

विरघळलेला धातू नाहीसा होत नाही, तो द्रावणात जातो. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असते. त्याचे षट्संयुजी रूप विषारी आहे आणि त्याने कर्करोग होऊ शकतो. रोह्यावरून कुंडलिका नदी वाहते. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटलेले पाणी तिला मिळते आणि पुढे ती रेवदंड्याच्या खाडीला जाते. असे द्रावण तसेच सोडले, तर ते मासळीपर्यंत पोचायला वेळ लागणार नाही. म्हणून आधी सोडियम बायसल्फाइट घालून षट्संयुजी क्रोमियमचे कमी घातक त्रिसंयुजी रूप करतात. मग चुन्याने आम्ल मारून क्रोमियम गाळाच्या रूपात खाली बसवतात. हा गाळही उघड्यावर टाकायचा नसतो. घातक कचऱ्यासाठी बांधलेल्या बंदिस्त जागीच तो पुरावा लागतो. आरशासारखे भांडे बनवून नदी गढूळ केली, तर त्या चकाकीला काय अर्थ?

करून पाहा

शिक्षकांच्या देखरेखीखाली हवेशीर जागी हा प्रयोग करा. दोन साधे लोखंडी खिळे स्वच्छ घासा आणि धनाग्र होणाऱ्या खिळ्याचे वजन करा. मिठाच्या पाण्यात ते एकमेकांना न टेकतील असे बुडवा. अमीटर व धारानियंत्रक जोडून ६ व्होल्टच्या पुरवठ्यावर अर्धा ॲम्पिअर प्रवाह एक तास सोडा. ऋणाग्रावर हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ ज्योत नको. स्टेनलेस स्टीलचा चमचा मात्र मुळीच वापरू नका. का, ते वर वाचलेच आहे.

खिळा धुऊन, पुसून, वाळवून पुन्हा वजन करा. लोखंड द्विसंयुजी होऊन विरघळत असेल, तर घट सुमारे ०.५२ ग्रॅम यावी. त्रिसंयुजी होऊन विरघळत असेल, तर ०.३५ ग्रॅम. तुमचा तराजू काय सांगतो? आणि खिळ्याची कोणती बाजू अधिक झिजली, समोरची की पाठीमागची? असे का झाले, हे तुमचे तुम्हीच शोधून काढा.